दहाव्याला काढलेला आवाज

भोरच्या शाळेत मी जे शिकलो त्यातलं अर्धंअधिक परीक्षेत विचारत नाहीत. हेडमास्तर रागवायच्या आधी चष्मा काढून धोतराला पुसायचे. पुसताना नाकातून एक बारीक सूर निघायचा, तो मला काढता यायचा. संस्थानच्या कचेरीतले कारकून ‘उद्या या’ हे तीन तऱ्हांनी म्हणायचे. शेतकऱ्याला वेगळं, सावकाराला वेगळं आणि बाईमाणसाला वेगळं. तिन्ही मला यायच्या. राजवाड्यावरचा पहारेकरी उभ्या उभ्या पेंगायचा आणि घोड्याच्या टापा आल्या की डोळे मिटूनच सलाम ठोकायचा, तोही मी करायचो. पोरं पोट धरून हसायची. मॅट्रिकला मात्र दोनदा आपटलो. पेपर तपासणाऱ्यापुढं नकला करून दाखवता येत नाहीत.

दुसऱ्यांदा नापास झाल्यावर गावी आलो. आंबवड्याच्या पलीकडं डोंगराच्या पोटात आमचं गाव. आईबाप मला आठवतही नाहीत, चुलत्यांनीच वाढवलं. चुलते म्हणजे तात्या. घरात ते, काकी, त्यांचा मुलगा म्हणजे दादा, आणि लेक, माझी आक्का. आक्का माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. सोळाव्या वर्षी लग्न झालं, अठराव्या वर्षी कपाळ मोकळं घेऊन माघारी आली.

तात्यांचा आवाज सांगायला पाहिजे, कारण सगळं त्याच्यावरच आहे. बोलायच्या आधी ते घसा मोकळा करायचे. आधी एक कोरडा खाकर, मग लांब ‘हंऽऽ’, आणि मग ‘ऐका जरा’. बैलांनासुद्धा ‘ऐका जरा’ म्हणूनच चालवायचे. वाक्याचा शेवटचा शब्द नेहमी खाली बसायचा, दमल्यासारखा. तात्या हयात असताना मी त्यांच्यासमोरच त्यांचा आवाज काढायचो आणि काकी स्वयंपाकघरातून “आले आले” करत यायची. तात्या हसायचे. म्हणायचे, “मी मेलो तर हिला कळायचंबी न्हाई.”

आक्का लग्नाआधी चौथी शिकली होती. माघारी आल्यावर माझी जुनी पुस्तकं घेऊन बसायला लागली. दुपारची कामं उरकली की ओसरीवर बसायची आणि मी सुट्टीत आलो की अडलेलं विचारायची. मी हेडमास्तरांच्या आवाजात उत्तरं द्यायचो. ती हसायची, आणि हसता हसता लिहून घ्यायची. ते लिहून घेणं मी कधी मनावर घेतलं नाही. एक दिवस तिनं भोरात जाऊन बाहेरून फायनलची, म्हणजे सातवीची, परीक्षा दिली. मी ज्या महिन्यात दुसऱ्यांदा नापास झालो, त्याच महिन्यात ती पास झाली. एका घरात दोन निकाल आले.

तात्या स्वतः चालत भोरला गेले आणि पुण्याच्या बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजचा अर्ज भरून आले. चैत्रात होकाराचं पत्र आलं. दोन वर्षं शिकायचं, मग मास्तरीण. तात्यांनी ते पत्र अख्ख्या गावाला दाखवलं, म्हणजे ज्यांना वाचता येत नाही त्यांना जास्त दाखवलं. मी ते हातात घेतलं आणि गोऱ्या साहेबाच्या बोलीत मोठ्यानं वाचलं. सगळे हसले. आक्का डोळ्याला पदर लावून हसली.

मीही हसत होतो. आणि आत एकच गोष्ट चालली होती. ज्येष्ठात ही पुण्याला जाणार, परत येईल ती मास्तरीण होऊन, आणि तिला पुस्तकं देणारा हा मी म्हशीमागं असणार. लोक म्हणणार, एकाच घरातली दोघं बघा. हे मला तेव्हा अगदी स्वच्छ दिसत होतं. पण मी ते स्वतःलाही म्हणून दाखवलं नाही. एक नक्कल केली आणि पुढं गेलो. मला तीच सवय होती.

वैशाखात तात्यांना ताप भरला. तिसऱ्या दिवशी गेले.

दहाव्याला नदीवर पिंड मांडला. आमच्यात दहाव्याला कावळा शिवायला लागतो. शिवला तर माणूस सुखानं गेलं, नाही शिवला तर त्याचा जीव कशात तरी अडकला. मग जवळच्यांनी ओळखायचं, कशात, आणि तोंडानं कबूल करायचं की तेवढं आम्ही करू. कावळा समोरच्या बाभळीवर येऊन बसला होता. तिथून हलेना.

“आईला अंतर देणार न्हाई,” दादा म्हणाला.

कावळा बसून.

बांधाशेजारचा गडी पुढं आला, “बांधाचं भांडान मिटलं, तात्या. टीचभर तुमच्याकडं सरकवतो.”

कावळ्यानं मान फिरवली.

“तंबाकू ठेवली का?” कुणीतरी विचारलं.

“ठेवली की!”

“चुना?”

“आरं, चुना ऱ्हायला!” मग एकजण धावत जाऊन चुन्याची डबी घेऊन आला. कावळा तरी येईना. तासभर झाला. ऊन डोक्यावर आलं. पन्नासएक माणसं पिंडाभोवती दाटीनं उभी होती. आमच्या गावच्या भजनात पखवाज वाजवणारे एक बुवा होते. मूळचे वेल्ह्याकडचे, म्हातारपणी लेकीकडं राहायला आलेले. ते मधून मधून म्हणत होते, “मागं सरा रं, वाईच मागं सरा.” कोण ऐकतंय?

बायका वरच्या अंगाला बसल्या होत्या. काकीला रडू आवरेना. “काय ऱ्हायलं हो तुमचं? काय ऱ्हायलं?” म्हणून ती पुन्हा पुन्हा विचारत होती. एक म्हातारी म्हणाली, “लेकीत अडकला असंल जीव.” सगळ्यांनी आक्काकडं बघितलं. आक्का उठून उभी राहिली. म्हणाली, “तात्या, म्या नीट शिकन. तुमी काळजी करू नगा.”

कावळा हलला नाही.

त्या क्षणाबद्दल मला खोटं सांगता येईल. अंगात आलं, काही कळलं नाही, असं म्हणता येईल. गाव आजही तसंच म्हणायला तयार आहे. पण आवाज काढायच्या आधी मी घसा मोकळा केला. खाकरलो, लांब ‘हंऽऽ’ केला. ज्याच्या अंगात येतं तो अशी तयारी करत नाही. डोळे मी मुद्दाम अर्धे मिटले. अंग थोडं हलवलं, जास्त नाही, कारण तात्या हलणारे नव्हते.

“हंऽऽ. ऐका जरा. लेक उंबऱ्याभाईर धाडू नगा. माझा जीव लागंना.”

शेवटचा शब्द खाली बसवला, दमल्यासारखा.

काकी किंचाळली. “न्हाई धाडत! न्हाई धाडत, वचन देते!” असं म्हणत ती माझ्या पायाशी येऊन पडली. तिच्यामागं सगळी माणसं माझ्याकडं धावली. कुणी मला धरलं, कुणी पाणी मारलं, कुणी माझ्या पायाला हात लावला. आणि मागून एक पोर ओरडलं, “शिवला! कावळा शिवला!”

मी खरंच खाली बसलो. तो बसण्याचा भाग तेवढा नकली नव्हता.

त्यानंतरचे दिवस चांगले गेले, हे सांगायला लाज वाटते. नापास मुलगा म्हणून जो मला दारात थांबवायचा तो आता घोंगडी टाकून बसवायचा. काकी पहिली भाकरी मला वाढायची. मी एकटा दिसलो की जवळ यायची आणि हळूच म्हणायची, “एकदा बोलीव की त्यास्नी. एकदाच.” मी नाही म्हणायचो. एका सकाळी चुलीपुढं ती फारच कळवळली, तेव्हा मी डोळे मिटले आणि तात्यांच्या आवाजात म्हणालो, “जेवलीस का?” तिनं दोन्ही हात जोडले. म्हणाली, “व्हय. जेवले.” खरं तर ती दोन दिवस धड जेवली नव्हती. त्या दिवशी मात्र जेवली. मला वाटलं, बघ, आपल्या हातून चांगलंच होतंय.

बापानं मरून सांगितलेलं आक्का मोडणार कशी? तिनं पुस्तकं एका जुन्या धडप्यात बांधली आणि माळ्यावर टाकली. माझी होती ती वेगळी काढून मला दिली. प्रत्येक पुस्तकावर माझं नाव होतं, आणि आत सगळीकडं तिच्या पेन्सिलीचं बारीक अक्षर. कडेला एका ठिकाणी तिनं माझं उत्तर लिहून ठेवलं होतं आणि पुढं कंसात ‘हेडमास्तरांच्या आवाजात’ असं. मी ते पुस्तक मिटलं. मग माझा जीव लागेना. कॉलेज उघडायला वीस दिवस राहिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुवांकडं गेलो. ते अंगणात पखवाज घेऊन बसले होते, डाव्या तोंडाला कणकेचा गोळा थापत.

“बुवा, त्या दिवशी माझ्यात कायतरी शिरलं हुतं. ते काढून टाका.”

त्यांनी वर बघितलं नाही. “तात्या न्हवतं व्हय ते?”

“न्हाई.”

“मंग कोण?”

“कोण जाणं. वाईट हुतं. भाईरचं.”

“भाईरचं?” त्यांनी डाव्या तोंडावर थाप मारली, आवाज मनाजोगा आला नाही, आणखी कणीक लावली. “भाईरच्याला घरातली खबर कशी रं? लेक पुण्याला निघालीया, ते कुणाच्या जिवावर आलंय, हे त्याला सांगितलं कुणी? घरचंच हाय ते.”

मी मान खाली घातली. “घरचं तर घरचं. घालवा पण.”

“घरच्याला कुठं घालवतोस? घालवलास म्हंजी दुसऱ्याचं नाव लावून माघारी येतंय. आत्ता तात्यांचं लावलं. उद्या देवाचं लावंल. मंग त्याला कोण अडवणार?”

“पण कावळा शिवला की, बुवा!”

“शिवणारच. तुझ्याकडं धावली समदी, पिंडापाशी चिटपाखरू न्हाई. तासभर बोंबलत हुतो म्या, मागं सरा, मागं सरा.” ते थोडे हसले. त्यांच्या तोंडात दोनच दात होते आणि हसताना ते ओठानं झाकायचे. “गावात झाडून समद्यांची सोंगं काढतोस. माझंबी काढतोस, बिनदाताचं. ठावं हाय मला.”

मला कुठं तोंड लपवावं कळेना.

“आता ह्याचं काढ,” ते म्हणाले आणि बोट माझ्या छातीला लावलं. “बघू दे की लोकास्नी, कसा दिसतोय.”

मी आधी सोपा रस्ता धरला. दादाला वावरात गाठून सरळ सांगितलं, “दादा, नदीवर तात्या न्हवते. म्या बोललो ते.”

त्यानं माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. “ज्याच्या अंगात येतंय त्याला नसतंय कळत. जा, सावलीला बस.”

“आरं, म्या नक्कल केली!”

“गप, नकल्या. बापाच्या दहाव्याला कोण नक्कल करंल?”

खरंच, कोण करेल? त्याच्या मनात ते बसतच नव्हतं. इतकी वर्षं मी प्रत्येक खऱ्या गोष्टीची गंमत केली होती, आता माझी एक खरी गोष्ट कुणी खरी धरायला तयार नव्हतं.

मग बुवांचाच रस्ता उरला. दुपारची जेवणं झाली होती. काकी ओसरीवर भाताचं बी निवडत होती, आक्का तिच्या शेजारी, दादा भिंतीला टेकलेला. मी अंगणात उभा राहिलो. म्हणालो, “नवं सोंग बसवलंय. बघा.”

“सुतक फिटून किती दिस झालं रं?” काकी म्हणाली. पण दादा म्हणाला, “करू दे आई. घरात कुणी हसलं न्हाई लई दिसात.”

मी मला काढायला लागलो. टोपी तिरकी केली. भोरहून आलेला एक पोरगा, हात मागं बांधून गावातून फिरतोय, भेटेल त्याला सांगतोय, “एकदा बसून पास होत्यात ती कच्ची. दोनदा बसलं म्हंजी पाया पक्का.” दादा खदखदून हसला. मग पत्र आलं. पोरगा ते वाचतो, तोंड कानापर्यंत फाकलेलं, आणि मागं बांधलेल्या हाताची मूठ वळत चाललेली. मी वळून त्यांना ती मूठ दाखवली. दादा अजून हसत होता. मग पोरगा म्हशीमागं चालतोय, आणि समोरून आक्का येतेय, चप्पल घालून, छत्री घेऊन, मास्तरीण. पोरगा म्हशीच्या आड लपतो. आक्का हसली नाही. दादाचं हसू कमी झालं.

मग नदी. पोरगा गर्दीत उभा. बाभळीकडं बघतो, आक्काकडं बघतो. अंगारा नाही, घुमणं नाही. डोळे मी उघडेच ठेवले. खाकरलो. लांब हंऽऽ केला.

“ऐका जरा. लेक उंबऱ्याभाईर धाडू नगा.”

काकीच्या हातातलं सूप थांबलं. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, माझ्या आवाजात. तो आवाज मला अनोळखीच वाटला, जरा पातळ. “लेक उंबऱ्याभाईर धाडू नगा. ती गेली म्हंजी म्या मागं ऱ्हायलेला दिसंन.”

गोठ्यात बैल कान झटकत होता तेवढं ऐकू येत होतं.

“मंग,” काकी म्हणाली, “ते बोललंच न्हाईत?”

“न्हाई, काकी.”

“मला जेवलीस का इचारलं, चुलीपाशी. ते?”

“तेबी मीच.”

तिनं सूप खाली ठेवलं, एकही दाणा सांडू न देता, आणि आत गेली. दादा उठला आणि त्यानं मला दोन ठेवून दिल्या. दुसरी जास्त लागली, कारण मारताना तो रडत होता. मग धापा टाकत खाली बसला आणि म्हणाला, “पण आता काय? कावळा शिवलाय. आईनं पन्नास माणसांत वचन दिलंय.”

आक्का माझ्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत राग शोधला, सापडला. मला बरं वाटलं. इतके दिवस ती माझ्याकडं बापाची खूण म्हणून बघत होती, त्यापेक्षा हे सोसवत होतं.

बऱ्याच वेळानं काकी बाहेर आली. तोंड धुतलेलं होतं. माझ्याकडं तिनं बघितलं नाही.

“वचन म्या कुणाला दिलं?” तिनं दादाला विचारलं. “त्यास्नी दिलं असं वाटलं. दिलं कुणाला?”

दादानं माझ्याकडं बघितलं.

“ह्याला दिलं. ह्याचं वचन म्या का पाळू? त्यांनी तर चालत जाऊन कागद भरलावता.” मग आक्काला म्हणाली, “काढ गं ती पुस्तकं खाली. वाळवी लागंल.”

मला वाटलं होतं, एकदा सांगून टाकलं की आतून स्वच्छ होईन. तसं झालं नाही. काकी त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही. पाण्याचा तांब्या माझ्यापुढं ठेवायची, हातात द्यायची नाही. मी तिच्या माणसाला दुसऱ्यांदा नेलं होतं, आणि त्याला काही उपाय नव्हता. आणि दुसऱ्या सकाळी आक्का माळ्यावरून पुस्तकं काढताना दिसली तेव्हा आत तोच पोरगा मूठ वळून उभा होता. जसाच्या तसा.

फरक एवढाच की आता मला त्याची चाल माहीत होती. नकलेचं एक आहे. ज्याचा नुसता राग येतो त्याची नक्कल नीट जमत नाही. त्याचं वाकडं तोंड जमतं, माणूस जमत नाही. माणूस जमायला त्याच्याकडं बराच वेळ बघावं लागतं, आणि बघता बघता तो थोडा आवडायला लागतो. त्या अंगणात मी त्या पोराला काढला तेव्हा म्हशीच्या आड लपताना मला त्याची दया आली. दुष्ट होता, पण भ्यालेलाही होता. इतकी वर्षं मी त्याला कुणाच्या ना कुणाच्या कपड्यात हिंडवलं होतं, हेडमास्तरांच्या, साहेबाच्या, शेवटी तात्यांच्या. त्याला स्वतःचा सदरा मी कधी दिलाच नव्हता.

बुवांना हे सांगायला गेलो तर ते म्हणाले, “बरं. आता त्याला जेवायला घालत जा, पण पंगत वाढायला देऊ नगंस.” आणि पखवाज ओढून घेतला.

ज्येष्ठ लागला. दादा आक्काला पुण्यापर्यंत पोचवणार होता. पेटी उचलायला मी बरोबर निघालो. मला कुणी ये म्हटलं नव्हतं आणि नको असंही म्हटलं नव्हतं. भोरहून कापूरहोळपर्यंत बैलगाडीनं आलो. फाट्यावर पुण्याची मोटार उभी होती. दुसऱ्या महायुद्धाच्या त्या दिवसांत पेट्रोल मिळायचं नाही, मोटारी कोळशावर चालायच्या. ड्रायव्हर मागच्या भट्टीला वारा घालत होता आणि कुणाला तरी शिव्या देत होता. दादा जागा धरायला आत चढला. आक्का आणि मी पेटीपाशी उभे राहिलो. तिनं नवं लुगडं नेसलं होतं आणि सारखा पदर नीट करत होती. घाबरली होती.

दादाला ऐकू जाणार नाही एवढ्या बारीक आवाजात तिनं विचारलं, “अजून जळतंय का रं?”

तोंडावर एक विनोद आला होता. कुणाचा तरी आवाजही तयार होता. मी तो गिळला.

“व्हय,” म्हटलं. “जळतंय.”

“लई?”

“हाय बऱ्यापैकी.”

तिनं माझ्याकडं नीट बघितलं, अगदी अडलेलं गणित बघायची तसं. मग पेटीला पायानं हळूच ढकललं.

“मंग वर चढ आन ही नीट बांध. घाटात सुटली तर माझी समदी पुस्तकं जातील.”

मी पेटी खांद्यावर घेतली आणि मोटारीच्या टपावर चढलो. दोरी दोन्ही बाजूंनी फिरवली, गुडघा लावून आवळली, एक गाठ मारली. मग पेटी हलवून बघितली आणि आणखी एक मारली.